दशा

रूथबाई रणभिशांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
आज एकच ओळ.
सोळा अध्यायांचं, चौघांतलं सगळ्यात धाकटं शुभवर्तमान,
माझ्या हिशेबानं नाताळच्या आत संपायला हवं.
"एकच?" मी म्हणालो.
"तीही झाली तर," बाई म्हणाल्या
आणि फळ्यावर तारीख घातली,
जशी महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं घातली.

चर्चमागची खोली. एप्रिल. पंखा नुसता फिरल्यासारखा करतो.
चार दिवसांनी नळ आला होता,
निम्मी मंडळी हंड्यांपाशी अडकलेली.
आलो ते असे:
पोलीस भरतीची तयारी करणारा बर्नबा,
कंपाउंडर लोंढे,
एलीशिबा काकू, ज्यांना वाचता येत नाही
पण एकदा ऐकलं की विसरता येत नाही,
आणि मी शांतवन, चादरीच्या कारखान्यातला सांधणीवाला.
एकोणतीस वर्षं तुटलेली तार शोधायची,
थुंकीनं ओलवायची, गाठ मारायची, पुढं.

वही नवी, दोनशे पानी.
शेवटच्या पानावर बीपीच्या गोळ्यांचा हिशेब
मी आधीच मांडून ठेवलेला.

ओळ मोठ्यानं दहादा वाचायची होती.
पाचव्या वेळी लाज वाटली,
सातव्या वेळी कंटाळा,
आठव्या वेळी लोंढ्यांची मान पडली.
साठ वर्षं कानावर आहे ही ओळ,
मागांच्या खडखडाटासारखी:
असते, म्हणून ऐकू येत नाही.
माग थांबला की मात्र जॉबर दचकून उठतो.

तशा नवव्या वेळी एलीशिबा काकू म्हणाल्या,
"बाई, ह्यात होतं कुठं काय?
आलं, गेलं, झालं,
काहीच नाही की."

बर्नबानं बोट ठेवून पुन्हा पाहिलं.
खरंच. क्रियापद नव्हतं.
प्रारंभ, एवढं म्हणून लिहिणारा थांबलेला.
बाई फळ्याकडं तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.
त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं,
पाठीवरून कळलं नाही.

मला कसला धीर.
मांडीवर पुस्तक धरून गुपचूप शेवट काढला.
तिथं बायका थडग्यापासून पळत सुटतात,
भीतीनं तोंड मिटलेलं.
खाली आणखी काही ओळी आहेत, कंसातल्या,
मागून जोडल्यासारख्या.
गाठ ओळखायला मला चष्मा लागत नाही.

म्हणजे दोन्हीकडं दशा.
मागावरून उतरवलेल्या कापडासारखं:
ह्या टोकाला मोकळी तार, त्या टोकाला मोकळी तार,
मधलं काय ते विणलेलं.
बोललो नाही. वहीत लिहिलं,
पहिल्या तारखेखाली एकच शब्द, दशा.
मग माझं मलाच हसू आलं,
मागं कुणी वही उघडली तर म्हणेल,
बघा, काय दशा झाली होती म्हाताऱ्याची.

कारखान्याचं शटर ओढलं त्या दिवशी
चार नंबरच्या मागावर मोराची चादर होती.
मान विणून झालेली,
पिसारा अजून नुसत्या उभ्या तारांत.
कुणी तोडली नाही. डबे उचलले, निघालो.
भंगारात गेली असेल, बीमसकट.
का कोण जाणे, आज बाई खडू शोधत होत्या
तेव्हा ती आठवली.

घरी येताना इरय्या येमूल ओट्यावर,
नळाची धार करंगळीएवढी झालेली.
"काय शिकायलास बे ह्या वयात?"
"मार्क."
"आमचा मार्कंडेय?" तो खूशच झाला.
"नाही बे. दुसरा."
"कुठवर आलास?"
"प्रारंभ."
"मग?"
"मग काही नाही.
पुढच्या गुरुवारी वाळवंट लागणार. आणि नदी."

इरय्यानं शेवटची घागर धारेखाली सरकवली.
"नदी लागली की हाक मार," म्हणाला,
"भरून ठेवू."